नैराश्याचे प्रकार आणि नैराश्यरोधक औषधांचा परिणाम

नैराश्यरोधक औषधे, म्हणजेच अँटिडिप्रेसंट, सगळ्या नैराश्यावर सारखी लागू पडत नाहीत. ‘नैराश्य’ या एकाच नावाखाली निरनिराळे आजार एकत्र आले आहेत. त्यामुळे ‘गोळ्यांनी गुण येतो का?’ या प्रश्नाचे उत्तर नैराश्य कोणते आणि किती तीव्र, यावर बरेचसे अवलंबून असते.

प्रकारांचा हा प्रश्न औषधांइतकाच जुना आहे. इमिप्रामिन हे सुरुवातीचे नैराश्यरोधक मुळात स्किझोफ्रेनियासाठी तपासले जात होते. त्यात ते निरुपयोगी ठरले. स्विस मानसोपचारतज्ज्ञ रोलंड कून यांनी ते नैराश्याच्या रुग्णांना दिले आणि १९५७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या मते सर्वाधिक गुण आला तो विचार व हालचाली मंदावलेल्या, सकाळी जास्त खचलेल्या रुग्णांना. पुढे १९८० मध्ये अमेरिकी वर्गीकरणाने ‘मेजर डिप्रेशन’ हे एकच मोठे खाते उघडले आणि बहुतेक चाचण्या त्यातल्या सरमिसळ रुग्णांवर होऊ लागल्या.

या सरमिसळीतून निघालेली सरासरी माफक आहे. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा तपासलेली २१ औषधे प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषधी घटक नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली. पण नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या ५२ गुणांच्या हॅमिल्टन मापनश्रेणीवर हा फरक सरासरी दोनेक गुणांचाच असतो. सरासरीत खडखडीत बरे झालेले आणि तसूभरही न हललेले असे दोघेही बुडून जातात, हे मात्र टीकाकार आणि समर्थक दोघेही सोयीने विसरतात. २०१० च्या एका विश्लेषणात सौम्य व मध्यम नैराश्यात हा फरक नगण्य, तर अतितीव्र नैराश्यात ठळक दिसला. सौम्य आजारात प्लासिबोनेही पुष्कळांना बरे वाटते, हे त्यामागचे एक कारण. नंतरच्या काही विश्लेषणांत तीव्रतेचा असा संबंध आढळला नाही, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. तरीही ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी तीव्र नैराश्यात, रुग्णाची स्वतःची पसंती नसेल तर, सुरुवातीलाच गोळ्या सुचवायच्या नसतात.

सर्वांत स्पष्ट फरक भ्रमयुक्त नैराश्यात दिसतो. ‘माझ्या पापामुळे घर बुडाले’, ‘आतडी कुजली आहेत’ अशा ठाम भ्रमांसह येणाऱ्या या आजारात नैराश्यरोधक आणि मनोविकृतिरोधक औषधे जोडीने दिली जातात. २००९ च्या एका चाचणीत ओलान्झापिन (मनोविकृतिरोधक) व सर्ट्रालिन (नैराश्यरोधक) मिळून घेणाऱ्यांपैकी सुमारे ४२ टक्के, तर ओलान्झापिन व प्लासिबो घेणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. विद्युत उपचार, म्हणजे मेंदूला दिले जाणारे विजेचे नियंत्रित झटके, इथे फार प्रभावी ठरतात. लोकांच्या मनातली त्यांची भीती आजच्या, भूल देऊन केल्या जाणाऱ्या पद्धतीला लागू होत नाही.

विषण्ण किंवा मेलँकोलिक प्रकारात कशानेच आनंद होत नाही, भल्या पहाटे जाग येते, वजन घटते. डेन्मार्कमध्ये रुग्णालयात दाखल रुग्णांवर झालेल्या १९८६ व १९९० च्या चाचण्यांत जुने क्लोमिप्रामिन हे सिटालोप्राम व पॅरोक्सेटिन या नव्या औषधांपेक्षा सरस ठरले. याउलट ‘अटिपिकल’ प्रकारात भूक आणि झोप वाढते, आणि चांगले काही घडले की मन तात्पुरते उमलते. त्यात फेनेल्झिन या जुन्या नैराश्यरोधकाने इमिप्रामिनला मागे टाकले. पण फेनेल्झिन घेताना मुरवलेल्या चीजसारखे पदार्थ खाल्ल्यास रक्तदाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो, म्हणून ते क्वचितच लिहून दिले जाते. बाकी, केवळ उपप्रकार पाहून औषध निवडण्याइतका पुरावा आज फारसा नाही.

द्विध्रुवी (बायपोलर) आजारात कधी नैराश्य, तर कधी उन्माद, म्हणजे अति उत्साहाची अवस्था, येते. त्यातल्या नैराश्यात गफलत सहज होते, कारण रुग्ण बहुधा खचलेल्या अवस्थेतच डॉक्टरांकडे येतो. २००७ च्या एका अमेरिकी चाचणीत मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाला नैराश्यरोधकाची जोड दिलेल्यांपैकी २३.५ टक्के, तर प्लासिबोची जोड दिलेल्यांपैकी २७.३ टक्के रुग्ण टिकाऊपणे सावरले. म्हणजे जोडीचा लाभ दिसला नाही. एकट्या नैराश्यरोधकाने उन्माद उसळण्याचा धोका असतो. म्हणून इथे क्वेटियापिन, लुरासिडोन यांसारखी औषधे वापरतात.

हिवाळी नैराश्यात सकाळी १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसणे हाही प्रस्थापित उपचार आहे. किशोरवयीनांत फ्लुओक्सेटिनचा पुरावा सर्वांत भक्कम. २००४ च्या एका अमेरिकी चाचणीत बारा आठवड्यांनंतर फ्लुओक्सेटिनने ६१ टक्के, तर त्याला वर्तन-बोधन उपचाराची (विचार व वागणे बदलायला शिकवणाऱ्या संवादोपचाराची) जोड दिल्यावर ७१ टक्के मुलांत सुधारणा झाली. प्लासिबोवर हे प्रमाण ३५ टक्के होते. या वयात आत्महत्येचे विचार वाढू शकत असल्याने सुरुवातीचे आठवडे बारीक लक्ष ठेवावे लागते. स्मृतिभ्रंशासोबतच्या नैराश्यात मात्र सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन दोन्ही प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाहीत, असे २०११ च्या ब्रिटिश चाचणीत दिसले.

प्रकार नीट ओळखला तरी पहिलेच औषध लागू पडेल असे नाही. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या टप्प्यावर, सिटालोप्रामने, साधारण तिघांपैकी एकच जण लक्षणमुक्त झाला. ज्यांना गुण येतो त्यांनीही औषध सोडण्याची घाई करायची नसते: २०२१ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दीर्घकाळ गोळ्या घेऊन त्या थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के, तर चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांचे नैराश्य वर्षभरात उलटले.