झिरो बॅलन्स जनधन खाते: पात्रता, कागदपत्रे, आणि योजनेचे पैसे नेमके कोणत्या खात्यात येतात

बचत खाते उघडायला खिशात एक रुपयाही लागत नाही. ही कुठल्या बँकेची ऑफर नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 2012 पासून बँकांना ‘मूलभूत बचत ठेव खाते’ द्यावेच लागते, काउंटरवर त्याला बीएसबीडी म्हणतात. जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांनाही हे लागू आहे. 28 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री जनधन योजना याच खात्यावर उभी आहे. त्यात रुपे कार्ड, अपघात विमा आणि छोटा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात पैसे नसताना काढता येणारे कर्ज, जास्तीचा मिळतो.

मग ‘किमान शिल्लक ठेवावी लागेल’ असे शाखेत का सांगतात? बऱ्याचदा आपण नुसते ‘सेव्हिंग खाते काढायचंय’ म्हणतो आणि समोरचा नेहमीचा फॉर्म पुढे सरकवतो. म्हणून तोंडाने स्पष्ट ‘जनधन’ किंवा ‘झिरो बॅलन्स बीएसबीडी’ म्हणा आणि सही करण्याआधी फॉर्मच्या वरच्या ओळीत तेच लिहिले आहे ना, बघा. आधीच साधे खाते निघाले असेल तर ते बीएसबीडीत बदलून द्या असा लेखी अर्ज करता येतो. फक्त एक लक्षात ठेवा: एकाच बँकेत बीएसबीडी आणि साधे बचत खाते अशी दोन्ही ठेवता येत नाहीत. जुने साधे खाते 30 दिवसांत बंद करावे लागते. दुसऱ्या बँकेतल्या खात्याला हा नियम लागत नाही.

कोण उघडू शकतो

वयाची 10 वर्षे पूर्ण झालेला कोणीही भारतीय. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही. ‘घरात एकाचे जनधन आहे, दुसऱ्याला मिळत नाही’ ही अजूनही ऐकू येणारी समजूत जुनी आहे. 2018 मध्ये योजनेचा रोख कुटुंबाकडून प्रत्येक प्रौढ व्यक्तीकडे वळला. घरटी एकालाच मिळतो तो ओव्हरड्राफ्ट, आणि तोही शक्यतो घरातल्या बाईच्या खात्यावर.

कागदपत्रे

आधार कार्ड असेल तर तेवढे पुरते. कामासाठी दुसरीकडे राहत असाल आणि आधारवर गावचा पत्ता असेल, तर सध्याच्या पत्त्याचे स्वयंघोषणापत्र चालते. बीडहून पुण्याला बांधकामावर आलेल्या माणसाला भाडेकरारासाठी घरमालकाच्या मागे फिरायची गरज नाही.

आधारवर खाते काढायचे नसेल तर मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड किंवा राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे नाव-पत्ता असलेले पत्र, यांपैकी एक कोणतेही. पॅन असेल तर द्या. नसेल तर पॅन नसल्याचे घोषणापत्र भरून द्यावे लागते, शाखेत त्याला फॉर्म 60 म्हणतात. शिवाय फोटो आणि मोबाइल नंबर. नंबर स्वतःचा द्या. पुतण्याचा किंवा मिनी बँक चालवणाऱ्याचा नंबर दिला की ओटीपी आणि पैसे जमा झाल्याचे मेसेज दोन्ही तिकडे जातात.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची इथे हमखास अडचण होते. आधार माहेरच्या नावाचे आणि बाकी सगळे सासरच्या नावाचे. नियम सोपा आहे: जुन्या नावाचे कागदपत्र आणि त्यासोबत सरकारी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र दिले की बँकेने ते स्वीकारायचे असते. पण पुढे सरकारी योजनेचे पैसे घ्यायचे असतील तर आधारवरचे नाव आधी नीट करून घेतलेले बरे. योजनेच्या अर्जात एक नाव, खात्यावर दुसरे, असे झाले की अर्ज अडकतो.

फॉर्म एका पानाचा आहे आणि मराठीत मिळतो. त्यात व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, अवलंबून असलेली माणसे असे प्रश्न असतात, त्यांना घाबरू नका. त्यावरून कोणी कर लावत नाही. वारसाचा रकाना मात्र रिकामा सोडू नका. सही येत नसेल तर अंगठा चालतो.

एकही कागद नसेल तर

तरीही खाते उघडते. त्याला ‘छोटे खाते’ म्हणतात. फोटो द्यायचा आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. मर्यादा अशा: वर्षभरात एकूण जमा 1 लाख रुपयांपर्यंत, महिन्याला काढणे आणि पाठवणे मिळून 10,000 रुपयांपर्यंत आणि शिल्लक कधीही 50,000 च्या आत. सरकारी अनुदानाची रक्कम शिल्लकेच्या मर्यादेत धरत नाहीत. खाते 12 महिने चालते. तेवढ्यात एखाद्या ओळखपत्रासाठी अर्ज केल्याची पावती दाखवली तर आणखी 12 महिने. हा पर्याय काउंटरवरून आपणहून कोणी सांगत नाही, मागावा लागतो.

आधार लिंक आणि आधार सीडिंग

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. 2024 मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1,500 रुपये सुरू झाले तेव्हा गावोगावच्या शाखांसमोर रांगा लागल्या. ‘खातं आहे, आधार लिंक आहे, मग पैसे कुठे गेले?’ हाच प्रश्न.

खात्याला आधार जोडणे म्हणजे बँकेने तुमची ओळख नोंदवणे. तुमची पाच खाती असतील तर पाचही खात्यांना आधार जोडलेले असू शकते. सीडिंग हे वेगळे काम आहे. एनपीसीआय या संस्थेकडे एक नोंदवही असते, तिला मॅपर म्हणतात. त्यात एका आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचे नाव असते. सरकार आधारवर पैसे पाठवते तेव्हा ते या नोंदीतल्या बँकेत जातात. अर्जात तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिला याच्याशी त्याचा संबंध नसतो. आणि नोंद शेवटच्या सीडिंगची राहते. म्हणजे कॅम्पमध्ये कोणी ‘ताई, फ्री खातं काढून देतो’ म्हणत अंगठा घेतला आणि फॉर्ममध्ये डीबीटीच्या, म्हणजे सरकारी पैसे थेट त्या खात्यात घेण्याच्या, संमतीवर टिक झाली, की पुढचे हप्ते त्या नव्या खात्यात. जुन्या पासबुकात एन्ट्री मारून काही दिसणार नाही.

तपासायचे कसे? यूआयडीएआयच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचे नाव, सीडिंग चालू आहे की बंद आणि ते कधी झाले, एवढे दिसते. साध्या फोनवरून *99*99*1# डायल करूनही कळते. दिसलेली बँक नको असेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा. त्यात आधीच्या बँकेचे नाव विचारतात, ते लिहा. बदल झाला की पुन्हा स्टेटस बघा. ‘साहेब म्हणाले झालं’ यावर थांबू नका.

बँकमित्राकडे व्यवहार

शाखा 15 किलोमीटरवर आणि बँकमित्र, म्हणजे बँकेने नेमलेला प्रतिनिधी, गावातल्या किराणा दुकानात, अशी बऱ्याच ठिकाणची स्थिती. तिथे खातेही उघडता येते आणि आधारवर अंगठा लावून दुसऱ्या बँकेतले पैसेही काढता येतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला कारखान्याच्या गावातही हे जमते. अंगठा उमटत नसेल, आणि कोयता धरणाऱ्या हातांचा तो बऱ्याचदा उमटत नाही, तर दुसरे बोट लावून बघा. दहा बोटांपैकी कोणतेही चालते.

मशिनमधून निघालेली पावती घेतल्याशिवाय उठायचे नाही. पावतीवर काढलेली रक्कम आणि उरलेली शिल्लक दोन्ही छापलेली असतात. अंगठा एकदा लावला, ‘सर्व्हर डाऊन आहे, परत लावा’ सांगितले, तर आधी पहिल्या वेळची फेल झाल्याची पावती मागा. खात्यातून रक्कम गेली पण हातात आली नाही, तर बँकेने ती 5 दिवसांत परत करायची असते. त्यापुढे उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई आहे. व्यवहार नसतील तेव्हा आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येते.

खाते जिवंत ठेवणे

31 जुलै 2025 ची सरकारी आकडेवारी: सुमारे 56 कोटी जनधन खात्यांपैकी 13 कोटींहून जास्त निष्क्रिय. खाती उघडण्याचा उत्साह ओसरला की काय होते ते यात दिसते. दोन वर्षे ग्राहकाने स्वतः काहीच व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय होते. ते पुन्हा चालू करायला बँक पैसे मागू शकत नाही. केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याचे कागद, द्या, बस्स.

री-केवायसी हे दुसरे निमित्त. कमी जोखमीच्या ग्राहकाला दर 10 वर्षांनी ते करावे लागते, आणि 2014-15 ची खाती आता त्या वळणावर आली आहेत. पत्ता-नाव काही बदलले नसेल तर ‘बदल नाही’ असे स्वयंघोषणापत्र पुरते. जून 2025 पासून ते बँकमित्राकडेही देता येते.

रुपे कार्ड घरात डब्यात पडून असेल तर विम्याचा उपयोग शून्य. 28 ऑगस्ट 2018 नंतर उघडलेल्या खात्यांना 2 लाखांचे अपघाती संरक्षण आहे, त्याआधीच्यांना 1 लाखाचे. पण अपघाताच्या आधीच्या 90 दिवसांत कार्डाचा निदान एक यशस्वी व्यवहार हवा. दर दोन महिन्यांनी 100 रुपये काढा, झाले. दरवर्षी मेअखेर कापले जाणारे 20 आणि 436 रुपये हा वेगळा विमा, अनुक्रमे सुरक्षा विमा आणि जीवनज्योती. तो तुमच्या संमतीनेच कापता येतो. संमती आठवत नसेल तर शाखेत फॉर्मची प्रत मागा.

ओव्हरड्राफ्ट सहा महिने खाते नीट चालवल्यावर मिळतो: 2,000 रुपयांपर्यंत विनाअट, त्यापुढे 10,000 पर्यंत बँक ठरवेल तसे. वय 18 ते 65. हे कर्ज आहे, फेडावे लागते. ‘मोदींचे दहा हजार’ म्हणून फिरणाऱ्या मेसेजवर जाऊ नका.

खाते नाकारले तर

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांच्या सीएमएस पोर्टलवर मोफत तक्रार करता येते. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. वकील लागत नाही, एजंट तर अजिबात नाही. तक्रार भरताना शाखेकडे पहिला अर्ज कधी दिला ते विचारतात, तेव्हा ती शिक्क्याची प्रत जोडा.