लॅपटॉपचा पंखा सतत वेगाने फिरणे

काम हलके असतानाही लॅपटॉपचा पंखा घोंघावत राहणे ही दुरुस्तीच्या दुकानात रोज येणारी तक्रार आहे. ‘पंखा बिघडलाय’ असे सांगत लोक यंत्र टेबलावर ठेवतात. बहुतेक वेळा पंखा धडधाकट असतो. जेवढ्या वेगाने फिरायचा हुकूम मिळाला आहे, तेवढ्या वेगाने तो फिरत असतो. तो हुकूम का सुटतो आहे, हे शोधणे म्हणजेच या तक्रारीचे निदान.

रचना : प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पातळ लॅपटॉपचे बरेचसे प्रोसेसर १५ वॅटच्या आसपास बेतलेले असतात, गेमिंगच्या यंत्रांतले ४५ वॅट किंवा त्याहून अधिक. नखाएवढ्या चिपवरची ही उष्णता वाहून नेण्यासाठी आधी थर्मल पेस्टचा, म्हणजे चिप आणि धातू यांच्यातली सूक्ष्म फट भरून उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाचा थर, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीला डाखलेली चपटी नळी आणि नळीच्या टोकाला बारीक पात्यांची जाळी असते. पंखा या जाळीतून हवा ढकलतो. नळी म्हणजे हीट पाइप. दिसायला ती भरीव वाटते, पण आत पोकळ असते. हवा काढून टाकून तिच्यात थोडेसे पाणी सीलबंद केलेले असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचे पुन्हा पाणी होते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. या कल्पनेचे पेटंट जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये मिळाले. पुढे १९६३ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे साकारली आणि तिला आजचे नाव दिले.

पंख्याचा वेग ठरवतो तो मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर. हा छोटा नियंत्रक तापमानाचे संवेदक वाचतो आणि त्यानुसार पंख्याला वेग देतो. संवेदकाकडून काही कळेनासे झाले, तर पुष्कळ यंत्रांत तो धोका न पत्करता पंखा पूर्ण वेगाने सोडतो. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण पंख्याला वीज सुमारे आठपट लागते आणि आवाज १५ डेसिबलच्या आसपास वाढतो. थोड्याशा जास्तीच्या थंडाव्यासाठी एवढा गोंगाट का होतो, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

निदान : सगळ्यात पहिले साधन म्हणजे आपला तळहात. तो हवा बाहेर पडते त्या झरोक्यासमोर धरावा आणि त्याच वेळी एखाद्या सॉफ्टवेअरवर प्रोसेसरचे तापमान पाहावे. लिनक्सवर हे काम ‘सेन्सर्स’ ही आज्ञा करते. अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि तिच्याजवळ पोचल्यावर ते स्वतःच वेग कमी करतात. त्यामुळे पंख्याचा आवाज आणि यंत्राचा संथपणा बरेचदा जोडीने येतात.

जोराची आणि गरम हवा येत असेल, तर उष्णता नीट बाहेर पडते आहे. दोष कामाच्या ओझ्यात आहे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक केले की सर्वाधिक खाणारा प्रोग्रॅम वर येतो. ब्राउझरचा एखादा विसरलेला टॅब, अपडेट, अँटीव्हायरसची तपासणी किंवा फाइलींची अनुक्रमणी (इंडेक्सिंग) हे नेहमीचे मानकरी. नव्या लॅपटॉपवर पहिल्या दिवशी ही सगळी कामे एकदम चालतात, तेव्हा घाईने दुरुस्तीला नेऊ नये. मॅकवर अशाच यादीत ‘कर्नल टास्क’ हा यंत्रणेचा स्वतःचा प्रोग्रॅम सर्वांत वर दिसला की लोक त्यालाच गुन्हेगार ठरवतात. खरे तर प्रोसेसर तापल्यावर इतर कामांना आवर घालण्यासाठी तो प्रोसेसरचा वेळ अडवून बसलेला असतो. ओझे साधेच असेल, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के करून पाहावी. त्याने बहुतेक यंत्रांत टर्बो वेग, म्हणजे प्रोसेसर गरजेपुरता गाठतो तो वाढीव वेग, बंद होतो, आणि साध्या लिखापढीत फरक जाणवतही नाही.

हवा क्षीण पण गरम असेल, तर वाट अडली आहे. गादीवर किंवा पांघरुणावर ठेवलेल्या लॅपटॉपचे खालचे झरोके बुजतात, हे आधी तपासावे. ते कारण नसेल तर आत धूळ आहे. झाकण काढले की पंख्याची पाती बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात आणि इथेच नवशिका फसतो. मळ साचतो तो पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत. पंख्याचे आवरण उचलले की तिथे राखाडी नमद्याची पट्टी बसलेली सापडते, चिमटीत धरली तर अखंड निघून येते. बाहेरून ब्लोअर मारून ती सहसा निघत नाही, उलट आत सरकते. सफाईआधी लॅपटॉप बंद करून बॅटरीची जोडणी काढावी. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर मोकाट फिरून बेअरिंग खराब होते.

हवा जोराची पण कोमट आणि प्रोसेसर मात्र तापलेला, असे असेल तर उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही. पेस्ट सुकली आहे, पट्टीचा एखादा स्क्रू सैल आहे किंवा हीट पाइप निकामी झाला आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी. ती कमी पडली तर जागा कोरडी राहते.

प्रोसेसर थंड, हवाही थंड, आणि पंखा तरीही सुसाट? मग संवेदक, कंट्रोलर किंवा बायोसकडे (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरकडे) वळावे. एचपीच्या अनेक लॅपटॉपांत चार्जर लावल्यावर पंखा कायम चालू ठेवण्याचा पर्याय बायोसमध्ये असतो. तो बंद केला की काही वेळा सारी तक्रारच मिटते. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरल्यास अडकलेला कंट्रोलर अनेकदा ताळ्यावर येतो. दुरुस्तीनंतर लगेच हा त्रास सुरू झाला असेल, तर आतली एखादी जोडणी नीट बसली आहे का ते पाहावे.

खोलीच्या तापमानाचाही वाटा मोठा आहे. पंखा प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा जानेवारीत शांत असणारे तेच यंत्र त्याच कामाला घोंघावते. हा बिघाड नव्हे.

पंखाच बदलावा लागतो तो घरघर, खडखड किंवा टकटक असा आवाज येऊ लागल्यावर, कारण ही बेअरिंग गेल्याची खूण. बदली पंखा मापाने तंतोतंत बसला तरी प्लगमधल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. त्यामुळे जुन्या पंख्यावर छापलेला पार्ट नंबर जुळवूनच नवा घ्यावा.