रेझोनेटर व स्टील गिटार : ध्वनिमुद्रणांचे रसग्रहण

बोटांनी पडद्यावर तार न दाबता तारांवरून पोलादी कांडी सरकवून वाजवली जाते ती स्टील गिटार. ती बहुधा मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात. रेझोनेटर गिटारमध्ये घोडीखाली (तारा टेकतात त्या पट्टीखाली) ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा शंकू बसवलेला असतो आणि आवाज मुख्यतः लाकडी पाटीतून न येता त्या शंकूतून येतो. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळतात. पुष्कळ रेझोनेटर आडव्या धरून कांडीनेच वाजतात, तर काही नेहमीसारख्या उभ्या धरून, बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून वाजवतात; त्याला स्लाइड गिटार म्हणतात. हवाई बेटांचे संगीत, ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचे लोकसंगीत), ब्लूग्रास (बँजोप्रधान ग्रामीण अमेरिकन संगीत), चर्चमधले भक्तिसंगीत, नायजेरियातील जुजू, हिंदी चित्रपटगीते आणि रागसंगीत एवढ्या ठिकाणी हे वाद्य रुजले. त्यामुळे त्याच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आपसूकच सरमिसळ होतो आणि ऐकण्याची गोडीही त्या सरमिसळीतच आहे.

कांडीने वाजवण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाईत रूढ झाली. तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना देतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतील जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत तिची लाट आली. पण तेव्हा विद्युत ध्वनिवर्धन नव्हते आणि वाद्यवृंदात गिटार ऐकूच येत नसे. यावर उपाय म्हणून जॉन डोपेरा यांनी शंकूची रचना केली. १९२७ मध्ये ‘नॅशनल’ कंपनीची तीन शंकूंची गिटार बाजारात आली आणि पुढे डोपेरा बंधूंनी ‘डोब्रो’ काढली. १९३२ मध्ये रिकेनबॅकर यांची विजेवर चालणारी स्टील गिटार विकली जाऊ लागली, तेव्हा आवाज मोठा करण्यासाठी शंकूची गरज उरली नाही. तरीही शंकू टिकला, कारण त्याचा सूर दुसऱ्या कशातूनच निघत नाही.

रसग्रहणाची सुरुवात शंकू ओळखण्यापासून करावी. तीन शंकूंच्या गिटारमध्ये सहा इंची तीन शंकूंवर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पट्टी टेकलेली असते. हिची आस, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळणारा सूर, लांब, गोलसर आणि नितळ असते. हवाईयन वादक सोल हूपी यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांत ती स्वच्छ ऐकू येते. दुसऱ्या प्रकारात साडेनऊ इंची एकच शंकू असतो आणि त्याच्या टोकावर लाकडाची छोटी चकती असते. याचा आघात जबर असतो, पण सूर लवकर ओसरतो. ब्लूजवाल्यांनी हाच उचलला, कारण अंगठ्याने धरलेला ठेका त्यात ठाशीव उमटतो. तिसरा डोब्रोचा शंकू साडेदहा इंची आणि वाटीसारखा उताणा असतो. त्यावर आठ पायांची ओतीव जाळी बसते आणि तिच्या मधोमध घोडी असते. याचा आवाज किंचित नाकातला, मध्यम पट्टीत भरलेला. जॉश ग्रेव्हज १९५५ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या ताफ्यात आले आणि बँजोच्या तोडीने डोब्रोवर जलद तुकडे वाजवू लागले. तिथून ब्लूग्रासमध्ये या शंकूला कायमची जागा मिळाली.

शंकू नीट बसला नसेल, त्याला पोचा असेल किंवा वरच्या झाकणाचा स्क्रू सैल असेल, तर ठरावीक सुरालाच झणझण ऐकू येते. जुन्या मुद्रणातली अशी झणझण बऱ्याचदा तबकडीची खरखर समजली जाते. फरक सोपा आहे : खरखर सतत चालू असते, झणझण त्या सुरापुरतीच येते.

यानंतर कान हाताकडे वळवावा. कांडी पडद्याच्या पट्टीच्या बरोबर वर असावी लागते. किंचित मागे राहिली तर सूर उतरतो, पुढे गेली तर चढतो. फार हलकी टेकली तर तार फरफरते. फार दाबली तर तार वाकून सूर चढतो आणि कांडी खाली आपटते. कांडीच्या मागे राहिलेला तारेचा भागही वाजत असतो. तो दाबायला डाव्या हाताची मागची बोटे तारांवरून फरफटत न्यावी लागतात. नको त्या तारा गप्प ठेवणे हे उजव्या तळव्याचे काम. चांगल्या वादकात दोन सुरांच्या मधली शांतता कोरल्यासारखी ऐकू येते आणि कच्च्या वादकात मागचा सूर पुढच्यावर सांडतो. कांडी तिरकी धरून दोन तारांवर वेगवेगळ्या अंतरांचे सूर काढणे त्याहून अवघड. तिथे जरा डळमळले की जोडीतला एक सूर हमखास बेसूर लागतो. पेडल स्टीलमध्ये हे काम पायाखालच्या पट्ट्या आणि गुडघ्याचे दांडे करतात. सुरावली चालू असतानाच आतला एखादा सूर वर सरकतो. तो पकडता आला की कंट्री संगीतातल्या बडी एमन्स यांच्या वादनाची किल्ली सापडते.

सवाई गंधर्व महोत्सवात आलाप ऐकून तयार झालेल्या पुणेकर कानाला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, आयती कळते. त्याचा फायदा आहे तसा तोटाही. असा श्रोता प्रत्येक मुद्रण गळ्याच्या मापाने जोखतो आणि हवाईयन वादनातल्या रुंद, नियमित कंपाला ‘थरथर’ म्हणून बाजूला सारतो. तो कंप तिथल्या शैलीचा अलंकार आहे. ब्लूजमधला गंधार जाणूनबुजून कोमल आणि शुद्ध यांच्या मधे ठेवलेला असतो. त्याला बेसूर म्हणणे हा ऐकणाऱ्याचा उतावीळपणा होय. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत गेलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आणि ब्लाइंड विली जॉन्सन यांचे १९२७ चे स्लाइड गिटारवादन दोन्ही आहेत. ही दोन मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. सुराकडे खालून कसे जायचे आणि तिथे किती थांबायचे, याचे दोन वेगळे आणि दोन्ही पक्के निर्णय त्यांत सापडतात.

भारतात हे वाद्य फिरत्या हवाईयन ताफ्यांबरोबर आले. त्यांच्यापैकी टाऊ मो काही वर्षे कोलकात्यात राहिले आणि तिथे वादकांची मोठी फळी तयार झाली. सुनील गांगुली, काझी अनिरुद्ध, बटुक नंदी यांच्या तबकड्या आणि व्हॅन शिप्ले यांची चित्रपटगीते घरोघरी वाजली. या तबकड्यांना हलके समजू नये. शब्द नसताना गाण्याची ओळख पटवायची, तर उच्चाराचा प्रत्येक झोल कांडीने काढावा लागतो. रागसंगीतात ब्रिजभूषण काब्रा यांनी अली अकबर खाँ यांच्या तालमीतून हे वाद्य उभे केले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त संतूर आणि बासरी यांच्यामध्ये त्यांची गिटार ऐकावी, ती कुठेही घाई करत नाही. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत तरफेच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) तारा असल्याने प्रत्येक सुरामागे झंकार राहतो. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबरच्या, १९९३ मध्ये निघालेल्या त्यांच्या संग्रहाचे ध्वनिमुद्रण एका प्रार्थनागृहात झाले. तिथल्या भिंतींची गुंज आणि तरफेचा झंकार वेगळा करून ऐकणे हा कानाला उत्तम रियाज आहे. देबाशिष भट्टाचार्य आणि बॉब ब्रोझमन यांच्या एकत्रित वादनात रागदारी आणि रेझोनेटर समोरासमोर येतात.

पुण्यात जुन्या बाजारात किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून तबकड्या मिळाल्या, तर वाजवण्यापूर्वी थोडी काळजी घ्यावी. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते. तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब टाकून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसावी, मधले लेबल कोरडे ठेवावे आणि लगेच टिपून घ्यावे. पावसाळ्यात कागदी वेष्टनांना बुरशी धरते. ती बदलावीत आणि तबकड्या उभ्या ठेवाव्यात. सुई वेगळी लागते : ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉन, एलपीसाठी साधारण १८ ते २५. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाला जाऊन घासते, मग खरखर वाढते आणि सुईही जाते. वजन एलपीला दीड ते अडीच ग्रॅम, ७८ ला तीन ते पाच.

वेगाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि या वाद्यात त्याचीच किंमत सर्वाधिक पडते. ७८ ऐवजी ७६ फेऱ्या झाल्या तरी सूर जवळजवळ पाव स्वर उतरतो. अमेरिकेतून आणलेल्या काही जुन्या टर्नटेबलांची मोटर ६० हर्ट्झच्या विजेसाठी असते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर ती सहाव्या हिश्शाने मंदावते आणि पट्टी तीन अर्धस्वरांहून जास्त खाली येते. नुसता व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुधारत नाही, पुली बदलावी लागते. स्ट्रोब चकती (दिव्याखाली फिरवून वेग तपासायची रेषांची चकती) ५० हर्ट्झची घ्यावी; तिच्यावर ३३⅓ साठी १८० रेषा असतात आणि ७८ साठी ७७. पुष्कळ एलईडी दिव्यांखाली रेषा स्थिर झालेल्या दिसत नाहीत, म्हणून साधा पिवळा बल्ब वापरावा. सूर जुळूनही कंप सुस्त किंवा घायकुतीला आल्यासारखा वाटला, तर वेग पुन्हा तपासावा.

७८ ची तबकडी स्टीरिओ कार्ट्रिजने (सुई बसवलेल्या डबीने) वाजवताना डावा आणि उजवा आवाज मोनोत एकत्र करावेत, खरखर बरीच कमी होते. आजच्या ॲम्प्लिफायरची फोनो जोडणी एलपीच्या मापाने बसवलेली असते, त्यामुळे ७८ दबका वाजतो; टिपेचा आवाज थोडा वाढवावा. संगणकावर उतरवलेल्या प्रतींबाबत उलटी अडचण येते. खरखर काढण्याच्या भरात नखीचा आघात बोथट होतो आणि लांब आसेचे शेपूट मधेच तुटते. एकाच तबकडीच्या दोन प्रती मिळत असतील, तर जिच्यात शेवटचा सूर विरेपर्यंत ऐकू येतो ती ठेवावी, मग ती कितीही खरखरो.