एटी हिलेसम यांची दैनंदिनी

डच ज्यू लेखिका एटी हिलेसम (१९१४–४३) यांनी जर्मनव्याप्त ॲम्स्टरडॅममध्ये मार्च १९४१ पासून लिहिलेली दैनंदिनी आणि वेस्टरबोर्क या नेदरलँड्समधील संक्रमण छावणीतून (जेथून ज्यूंना मृत्युछावण्यांत पाठवले जाई) धाडलेली पत्रे ही विसाव्या शतकातील ज्यू आत्मपर लेखनात वेगळी उठून दिसतात. छळाची नोंद ठेवणे हा त्यांचा मूळ हेतू नव्हता. मनातील गोंधळ आवरावा, म्हणून युलियस श्पीर या मानसोपचारकाच्या सहवासात असताना त्यांनी वही हाती घेतली. सुरुवातीची पाने प्रेम, मत्सर आणि नैराश्य यांनी भरलेली असून श्रद्धेचा विषय त्यांत हळूहळू, जवळजवळ नकळत शिरतो.

हिलेसम यांचे घर फारसे धर्मपरायण नव्हते. त्यांच्या वाचनात बायबलबरोबर रिल्के, दस्तयेवस्की आणि संत ऑगस्टीन होते. प्रार्थनेसाठी गुडघे टेकण्याचा त्यांना आधी संकोच वाटे. न्हाणीघरातील काथ्याच्या खरखरीत चटईवर त्यांनी ही सवय अंगी बाणवली, असे त्या लिहितात. ज्यूंचा समूळ नाश हेच जर्मनांचे उद्दिष्ट आहे, हे सत्य त्यांनी ३ जुलै १९४२ च्या नोंदीत डोळे उघडे ठेवून स्वीकारले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी लिहिलेली प्रार्थना हा या दैनंदिनीचा गाभा होय. देव आपल्याला मदत करू शकत नाही, उलट आपणच देवाला मदत केली पाहिजे आणि अंतःकरणातील त्याची जागा अखेरपर्यंत राखली पाहिजे, असे त्या तेथे म्हणतात. संकटात रक्षणाची याचना करणाऱ्या भक्तीला येथे पूर्ण कलाटणी मिळते. दुःखाचे उत्तर देवाकडे मागण्याऐवजी त्याची जबाबदारी माणसाने स्वतःकडे घ्यावी, ही भूमिका अत्यंत कठोर आहे, आणि ती सुरक्षित जागी बसून मांडलेली नाही, हेच तिचे बळ होय.

त्याच महिन्याच्या अखेरीस त्या स्वेच्छेने वेस्टरबोर्कला कामाला गेल्या. लपून राहण्यासाठी मित्रांनी केलेला आग्रह त्यांनी नाकारला. ऑगस्ट १९४३ मधील एका दीर्घ पत्रात ज्यूंना छावणीतून मृत्युछावणीकडे नेणारी गाडी सुटण्यापूर्वीच्या रात्रीचे वर्णन आहे: तान्ह्या मुलांना कपडे घालणे, त्यांच्या आयांना धीर देणे, आणि हे करत असताना स्वतःला आलेली हतबलता. ७ सप्टेंबर १९४३ रोजी आईवडील व भाऊ मिशा यांच्यासह त्यांना ऑशविट्झला नेण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

वह्यांतील निवडक भाग १९८१ मध्ये, तर संपूर्ण संहिता १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. लपण्यास दिलेला नकार काही वाचकांना प्रतिकाराचा अभाव वाटतो, तर काहींना त्यांची श्रद्धा ख्रिस्ती वळणाची वाटते. पहिला आक्षेप गंभीर आहे; मात्र आपल्या लोकांच्या वाट्याला आलेले भोग आपण चुकवू नयेत, हे त्यांनी दिलेले कारण लक्षात घेतल्याशिवाय त्यावर निर्णय देता येत नाही. दुसऱ्याबाबत एवढे खरे, की कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्यांची प्रार्थना बसत नाही.