डॅटसनचा दुसरा डाव

एप्रिल २०२२ मध्ये जपानच्या निस्सान कंपनीनं डॅटसन हा आपला स्वस्त गाड्यांचा ब्रँड भारतात बंद करत असल्याचं सांगितलं, तेव्हा फारसं कुणी दचकलं नाही. चेन्नईजवळच्या ओरगडम कारखान्यातून त्या वेळी डॅटसनची फक्त रेडी-गो ही छोटी गाडी बाहेर पडत होती. गो आणि गो प्लस आधीच थांबल्या होत्या. इंडोनेशिया आणि रशियातलं दुकान तर २०२० मध्येच आवरलं होतं. मार्च २०१४ ते एप्रिल २०२२, म्हणजे जेमतेम आठ वर्षं. आपल्याकडे बहुतेकांच्या लेखी डॅटसनचा इतिहास तेवढाच. प्रत्यक्षात तो शंभर वर्षांचा आहे, पण इथल्या गिऱ्हाईकाला त्यातल्या पहिल्या नव्वद वर्षांशी काही देणंघेणं नव्हतं. पुढचा बराच घोळ तिथूनच सुरू होतो.

जुना भाग झरझर सांगतो. १९१४ साली टोकियोतल्या एका लहान कंपनीनं आपल्या तीन पाठीराख्यांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडून ‘डॅट’ नावाची गाडी केली. १९३० मध्ये जपान सरकारनं ५०० सीसीपर्यंतच्या गाड्या चालवायला लायसनची अट काढली आणि लगेच पुढच्या वर्षी ४९५ सीसीची धाकटी गाडी आली. तीच पहिली डॅटसन. नावाचं स्पेलिंग मागाहून का बदललं तो किस्सा इतक्या ठिकाणी छापून आलाय की इथे परत नको. १९३३-३४ मध्ये हा सगळा कारभार निस्सानकडे गेला आणि योकोहामात मोठा कारखाना उभा राहिला. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याची गाडी, ही ओळख या नावाला अशी जन्मापासूनच चिकटलेली होती.

युद्धानंतर गाडं परदेशाकडे वळलं. १९५८ पासून अमेरिकेत विक्री सुरू झाली. सुरुवातीच्या गाड्या तिथल्या लांबलचक हायवेंवर धापा टाकायच्या. पण साठच्या दशकाच्या शेवटी ५१० आली, पाठोपाठ २४०झेड आली, आणि १९७३ च्या तेलटंचाईनं उरलेलं काम केलं. कमी पेट्रोल पिणारी, सहसा न बिघडणारी गाडी म्हणजे डॅटसन, हे समीकरण तिकडे घट्ट बसलं. अमेरिकेत घराघरात नाव होतं ते डॅटसनचं. निस्सान म्हणजे मागची कुठली तरी मूळ कंपनी.

अशा चालत्या नावावर १९८१ मध्ये काट मारायचं ठरलं. जगभर एकच नाव हवं, असं कंपनीचं म्हणणं. पुढची चार-पाच वर्षं पाट्या, जाहिराती, गाडीच्या मागचे बिल्ले बदलण्यात गेली. या सगळ्याचा खर्च ५० कोटी डॉलरच्या घरात गेला असावा, असा अंदाज व्यवस्थापनाच्या पुस्तकांत वारंवार दिला जातो. चुकीच्या निर्णयाचं उदाहरण म्हणून तो आजही शिकवला जातो. मला विचाराल तर पाटी बदलण्यापेक्षा तीस वर्षांनी तीच पाटी माळ्यावरून खाली काढणं हा जास्त अनाकलनीय निर्णय होता.

कारण ज्या देशांसाठी ती खाली काढली, तिथल्या, निदान आपल्याकडच्या लोकांच्या आठवणीत ती पाटी नव्हतीच. साठ-सत्तरच्या दशकात जग डॅटसन चालवत होतं तेव्हा आपण फियाट आणि ॲम्बेसेडरसाठी नंबर लावून बसलो होतो. गंमत म्हणजे गाडी आली नाही तरी तिचं इंजिन इथे येऊन गेलं होतं. १९८५ च्या सुमाराला मुंबईच्या प्रीमियरनं ११८ एनई काढली. तिच्या बोनेटखालचं ११७१ सीसीचं इंजिन हे डॅटसन १२०० मध्ये बसणाऱ्या इंजिनाच्याच घराण्यातलं. नावातलं ‘एनई’ही निस्सान इंजिनावरूनच. लष्कराची जोंगा हीसुद्धा मुळात निस्सानचीच ‘पॅट्रोल’ (Patrol) नावाची गाडी, जबलपूरला तयार होणारी. हे माहीत असलेली पिढी २०१४ मध्ये पहिली गाडी घ्यायला निघालेली नव्हती.

नाव परत आणण्याची घोषणा झाली मार्च २०१२ मध्ये, जकार्तात. भारत, इंडोनेशिया आणि रशिया हे देश ठरले, दक्षिण आफ्रिका मागाहून जोडली गेली. दुचाकीवरून पहिल्यांदा चारचाकीत येणारं कुटुंब हे गिऱ्हाईक. निस्सान या नावाची किंमत खाली आणायची नाही, म्हणून खालच्या फळीवर वेगळं नाव ठेवायचं, असा हिशेब. रशियात तर डॅटसनच्या नावाखाली ‘लाडा’ या तिथल्याच ब्रँडच्या गाड्या थोड्या नटवून विकल्या गेल्या. आपल्याकडची गो मात्र निस्सानच्याच मायक्रा गाडीच्या सांगाड्यावरून घेतलेली. म्हणजे बिल्ला एक आणि गाड्या दोन वेगळ्या कुळांतल्या.

जुलै २०१३ मध्ये दिल्लीजवळ गो पहिल्यांदा दाखवली गेली आणि १९ मार्च २०१४ ला ३ लाख १२ हजारांच्या दिल्ली एक्स-शोरूम किमतीनं बाजारात आली. १.२ लिटरचं तीन सिलिंडर इंजिन, ६८ पीएस. या किमतीत शेजारच्या शोरूममध्ये ८०० सीसीची गाडी मिळत होती. त्यामुळे ज्यांनी चालवून पाहिली त्यांना ती आवडलीच. पिकअप जोरदार, स्टिअरिंग हलकं, वळायला जागा कमी लागायची, मागे गुडघ्यांना ऐसपैस जागा आणि २६५ लिटरची डिकी. गो घेतलेल्यांशी बोललात तर एसी आणि पिकअप या दोन गोष्टींची तारीफ हमखास ऐकू येते. ॲव्हरेजबद्दल कंपनीचा दावा लिटरला वीस किलोमीटरच्या थोडा वर होता. गावात तेवढं कुणाला मिळत नाही, पण तक्रारही फारशी नसते.

किंमत खाली आणायला कात्री कुठे लावली, ते आत बसलं की दिसायचं. समोरचा ग्लोव्ह बॉक्स म्हणजे नुसता उघडा खण, झाकणच नाही. हँडब्रेक दोन सीटांमध्ये नाही, डॅशबोर्डखालून ओढायचा. गिअरचा दांडा डॅशबोर्डलाच बसवलेला. पुढच्या दोन सीटांमधली फट गादीनं भरून काढलेली. तिसरा माणूस तिथे बसवायचा नाही, असं पुस्तिकेत लिहावं लागलं नसतं तर नवल. बायका तिथे पर्स ठेवायच्या. काचेला एकच वायपर. रेडिओ नाही, सीडी नाही, त्याऐवजी मोबाइल अडकवायला खाच आणि एक वायर. बाहेरचे आरसे आतून फिरत नसत. डावा आरसा हलवायचा तर शेजारच्या माणसाला सांगायचं किंवा आपण उतरून जायचं. दार लावल्यावर येणारा पत्र्याचा आवाज तर प्रत्येक परीक्षणात आला. सिग्नलला उभं असताना तीन सिलिंडरची थरथर पायाला जाणवायची. घेणाऱ्यांना हे सगळं माहीत होतं आणि पैशाच्या मानानं चालतंय, असंच बहुतेकांचं मत होतं.

मग नोव्हेंबर २०१४ उजाडला. लंडनच्या एका स्वतंत्र संस्थेनं गो ताशी ६४ किलोमीटरनं आदळवून पाहिली आणि मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी शून्य स्टार दिले. इथवर नवीन काही नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत याच संस्थेनं आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलांना शून्य दिलं होतं. गोबरोबर त्याच दिवशी निकाल लागलेल्या स्विफ्टलाही शून्यच. पण गोच्या बाबतीत संस्था एक पाऊल पुढे गेली. गाडीचा सांगाडाच इतका कोलमडतो की एअरबॅग बसवूनही उपयोग नाही, असं तिनं म्हटलं, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी निस्सानच्या प्रमुखांना पत्र लिहून ही गाडी बाजारातून मागे घ्या, असं जाहीरपणे सांगितलं.

कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं: गाडी भारतातले सगळे नियम पाळते. ते खोटं नव्हतं. अडचण अशी की त्या वेळी आपल्याकडे समोरून आदळण्याची चाचणी सक्तीची नव्हतीच. ती नव्या मॉडेलांना लागू झाली ऑक्टोबर २०१७ पासून आणि सगळ्या गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून. शिवाय सरकारी चाचणीचा वेग ताशी ५६. आठ किलोमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ५६ वरून ६४ वर गेलं की ती जवळपास तीस टक्क्यांनी वाढते. म्हणून सरकारी चाचणी पास झालेली गाडी स्टारच्या चाचणीत शून्यावर येऊ शकते. यात विरोधाभास वाटायचं कारण नाही. लोक मात्र तेव्हापासून आजतागायत ‘पास’ आणि ‘स्टार’ एकाच पारड्यात टाकतात, विकणारेही आणि घेणारेही.

एकट्या गोलाच का धरलं, हा मालकांचा राग मला समजतो. स्विफ्टलाही शून्य होतं आणि तिच्या रांगा काही कमी झाल्या नाहीत. संस्थेची बाजूही बिनबुडाची नव्हती. स्विफ्ट, अल्टो या आधीपासून चालत आलेल्या गाड्या, तर गो २०१४ मध्ये कोरी करकरीत बाजारात आणलेली. नव्यानं आणतानाही इतकं कच्चं ठेवावं, यावर तिचा आक्षेप होता. तो रास्तच म्हणायला हवा. तरी परिणाम विषम झाला हे खरं. ज्या नावाला लोकांच्या मनात अजून जागाच नव्हती, त्या नावाला मिळालेली पहिली ओळख म्हणजे तो चेपलेल्या गाडीचा फोटो. जुन्या कंपनीला पुण्याईचा आधार असतो, डॅटसनकडे ती शिल्लक नव्हती. असती तर कदाचित अमेरिकेत.

पुढे वरच्या मॉडेलात चालकापुरती एअरबॅग आली. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेसाठीच्या गो प्लसला एक स्टार मिळाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये नव्या रूपातल्या गो आणि गो प्लसमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) सगळ्या मॉडेलांना दिले गेले, ग्लोव्ह बॉक्सला झाकण आलं, मोठा टचस्क्रीन आला, आणि वर्षभरानं क्लचविना चालणारी सीव्हीटी गिअरपेटीही. हीच गाडी २०१४ मध्ये यायला हवी होती, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. तोवर किंमत मात्र अशा जागी पोचली होती की लोक थोडे पैसे घालून माहितीतलं नाव घेत.

खरा मार घरातूनच बसला. सप्टेंबर २०१५ मध्ये निस्सानच्या भागीदार कंपनीनं, म्हणजे रेनॉनं, २ लाख ५७ हजारांत क्विड आणली. ८०० सीसी, एसयूव्हीसारखा तोंडवळा, वर टचस्क्रीन. तिच्याच सांगाड्यावर, तेच इंजिन घेऊन, त्याच कारखान्यातून रेडी-गो आली जून २०१६ मध्ये, २ लाख ३९ हजारांत. १८ हजार वाचवून, नऊ महिने उशिरा, कमी ओळखीचं नाव कोण घेणार? तसं पाहिलं तर रेडी-गो गावात चालवायला वाईट नव्हती. उंच बसणं, १८५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, गल्लीबोळात सहज वळणारी. पण हायवेला ट्रक शेजारून गेला की हेलकावा बसतो आणि आवाज आत येतो. २०१७ मध्ये १ लिटरचं इंजिन आलं, २०१८ च्या सुरुवातीला एएमटी, म्हणजे क्लच न दाबता आपोआप बदलणारे गिअर. २०१९ मध्ये त्याच लंडनच्या संस्थेनं रेडी-गोला एक स्टार दिला, तेव्हा बातमी फार काळ चर्चेत राहिली नाही.

गो प्लसची गोष्ट वेगळी. लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलं की कर कमी लागतो, म्हणून गोच्या मागे एकवीस सेंटिमीटर जोडून ३९९५ मिलिमीटरमध्ये तिसरी रांग बसवली. चाकांमधलं अंतर तेवढंच राहिलं. जानेवारी २०१५ मध्ये ३ लाख ७९ हजारांत सात जणांची गाडी! तिसऱ्या रांगेत मोठं माणूस मावत नाही, आणि ती उघडली की डिकी जवळजवळ संपते. ज्यांनी घेतली त्यांनी ती सीट कायमची पाडून ठेवली आणि गाडी सामानासाठी वापरली. त्या कामाला ती किमतीच्या मानानं उत्तम होती.

एप्रिल २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांसाठी तिन्ही गाड्या बदलल्या गेल्या. रेडी-गो २ लाख ८३ हजारांपासून, गो ३ लाख ९९ हजारांपासून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निस्साननं मॅग्नाइट आणली, सुरुवातीची किंमत ४ लाख ९९ हजार. ही गाडी आधी डॅटसनच्या नावानं येणार होती, अशी चर्चा तेव्हा जोरात होती. निस्सानच्याच बिल्ल्याखाली पाच लाखांच्या आत गाडी देता येते हे एकदा दिसल्यावर खालच्या फळीवर वेगळं नाव सांभाळायला कारण उरलं नाही.

बंद करताना सर्व्हिस, सुटे भाग आणि वॉरंटी चालू राहील, असं कंपनीनं सांगितलं. रेडी-गोचं सामान क्विडशी आणि गोचं मायक्राशी बरंच जुळतं, त्यामुळे फिल्टर, ब्रेक पॅडसारख्या वस्तूंसाठी गॅरेजवाला सहसा अडत नाही. अडचण येते ती दार, बंपर, दिवे यांसारख्या फक्त डॅटसनच्या भागांसाठी. जुनी गो स्वस्तात मिळतेय म्हणून बघायला जाणार असाल तर आधी आरसीवरची तारीख पाहा. ऑक्टोबर २०१८ नंतरच्या नव्या रूपातल्या गाडीत दोन एअरबॅग आणि एबीएस असतात. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत एअरबॅग एकही नसते, आणि विकणारा हा फरक आपणहून सांगेलच असं नाही.