सीईटीला ९८, बारावीला ५७ : कॉम्प्युटरसाठी कॉलेजं कशी निवडायची?

निकालाच्या आठवड्यात असं एक तरी घर भेटतंच. पोराला सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत, ९८.६ पर्सेंटाइल, देशपातळीवरच्या जेईई मेनलाही ९८ च्या आसपास, आणि बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ३०० पैकी १७१. म्हणजे ५७ टक्के. दोन वर्षं क्लासमध्ये गेली, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरती हजेरी, बोर्डाचा अभ्यास शेवटच्या तीन आठवड्यांत उरकलेला. आई विचारते, “एवढ्या मार्कांवर कॉम्प्युटर मिळेल का हो?” बाबा विचारतात, “एवढा स्कोअर आहे, तर एनआयटी भरूया ना?” आईच्या हातात गुणपत्रिका असते आणि बाबांच्या हातात स्कोअरकार्ड. दोन्ही कागद शेजारी ठेवले, की आईची काळजी बरीचशी फुकाची निघते आणि बाबांचा उत्साह थोडा आवरावा लागतो.

बारावीचे टक्के हा उंबरठा आहे. तो ओलांडला की रांग लागते ती प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर. घोळ एवढाच, की प्रत्येक दाराचा उंबरठा वेगळ्या उंचीचा आहे. म्हणून कॉलेजांची यादी करण्याआधी कोणती दारं आपल्याला उघडी आहेत ते बघायचं.

महाराष्ट्रातल्या कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा उंबरठा सगळ्यात बुटका. बारावी उत्तीर्ण, फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे, तिसरा विषय केमिस्ट्री किंवा नियमात दिलेल्या यादीतला, आणि या तिन्हींत मिळून किमान ४५ टक्के. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. ३०० पैकी १३५ किंवा १२० गुण झाले की झालं. तिसऱ्या विषयांच्या यादीत बायॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, तांत्रिक व्होकेशनल विषयही आहेत. त्यामुळे केमिस्ट्रीत कमी मार्क पडलेल्या बायफोकलवाल्यांनी (व्होकेशनल विषय घेतलेल्यांनी) लगेच रडायला बसू नये, आधी बेरीज करावी.

एकदा ४५ झाले, की ५७ आणि ९५ यांत कॅपला जवळपास फरक उरत नाही. गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. दोघांचा पर्सेंटाइल दशांशापर्यंत सारखा आला, तर आधी सीईटीतलाच मॅथ्सचा पर्सेंटाइल बघतात, मग फिजिक्सचा, मग केमिस्ट्रीचा. बोर्डाच्या मार्कांची पाळी त्यानंतर येते. म्हणजे आपल्या १७१ गुणांचा मुलगा ९५ टक्केवालीच्या पुढे बसू शकतो, आणि बसतोही.

आता बाबांचा प्रश्न. एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या इतर संस्थांसाठी जेईई मेनच्या क्रमांकाबरोबर बारावीला ७५ टक्के लागतात, एससी-एसटीला ६५. किंवा मग आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. आयआयटीचंही तसंच. नागपूरचं व्हीएनआयटी महाराष्ट्रात असलं, तरी त्याला हाच नियम. मुलगा परीक्षेला बसू शकतो, रँकही येते. ७५ ची अट आडवी येते ती प्रवेशाच्या वेळी, आणि मग कागद तपासताना मिळालेली जागा हातातून जाते. २०१६ पर्यंत तर जेईई मेनच्या रँकमध्येच बारावीचे ४० टक्के वजन धरायचे, २०१७ पासून ते काढलं. त्यामुळे “आता बोर्डाचं काही लागत नाही” हे वाक्य क्लासच्या जिन्यावर ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

बिट्स पिलानी आणि तिचा गोव्यातला कॅम्पस याहून कडक. तिन्ही विषयांत मिळून ७५ आणि प्रत्येक विषयात किमान ६०. वेल्लोरच्या व्हीआयटीला सर्वसाधारण गटात ६० टक्के लागतात, म्हणजे आपला मुलगा तिथेही तीन टक्क्यांनी अडतो. (पुण्याचं व्हीआयटी म्हणजे विश्वकर्मा, ते कॅपमध्ये येतं. नावाच्या या सारखेपणावर दर वर्षी कुणीतरी फसतं.)

मग जेईईचा स्कोअर वाया गेला का? नाही, आणि हे बऱ्याच घरांना ठाऊकच नसतं. महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांत १५ टक्के जागा अखिल भारतीय असतात आणि त्या जेईई मेनवर भरतात. त्यांना पात्रता कॅपचीच, ७५ ची अट नाही. म्हणून अर्ज भरताना सीईटीबरोबर जेईईचा अर्ज क्रमांकही टाकायचा. एकाच अर्जातून दोन रांगांत उभं राहता येतं.

दारं ठरली, आता रांग. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. चार लाख मुलं बसली असतील, तर ९८.६ म्हणजे साधारण ५,६०० जण पुढे. सीओईपी, व्हीजेटीआय, एसपीआयटी, पीआयसीटी या पुण्या-मुंबईतल्या कॉलेजांचं कॉम्प्युटर खुल्या गटात ९९ च्या वरच बंद होतं. त्यामुळे ती नावं यादीत वर लिहा, पण त्यांच्यावर विसंबू नका. आपल्या मुलाचं खरं मैदान त्याखालच्या पट्ट्यात आहे. सांगलीचं वालचंद, निगडीचं पीसीसीओई अशांची मागच्या वर्षीची कट-ऑफ यादी उघडा आणि आपल्या गटाचा रकाना बघा. त्यात होम युनिव्हर्सिटी, बाहेरचं विद्यापीठ आणि राज्यस्तर असे वेगवेगळे आकडे असतात. बारावी लातुरात केली असेल, तर पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात तुम्ही ‘बाहेरचे’ ठरता. विद्यापीठनिहाय वाटप असलेल्या जागांपैकी ७० टक्के घरच्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. घरच्यांचा आकडा पाहून खूश होणारे बाहेरचे पालक मी पुष्कळ पाहिलेत.

शाखेच्या नावावरून मात्र फार डोकं पिकवू नका. कॉम्प्युटर, कॉम्प्युटर सायन्स, आयटी, एआय अँड डेटा सायन्स... पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास बराचसा सारखाच असतो. चांगल्या कॉलेजातली आयटी मला काल उघडलेल्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा कधीही बरी वाटते.

पसंतीक्रमात खरी गोम आहे. २०२५-२६ पासून कॅपच्या चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं, तर ते घ्यावंच लागतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं, तरी तेच. नाकारलंत तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून “हे तरी मिळेल” असलं कॉलेज वरच्या सहात टाकायचं नाही. ते दहाव्या-विसाव्या जागी शोभतं. प्रत्येक फेरीआधी क्रम पुन्हा भरता येतो आणि पर्याय ३०० पर्यंत देता येतात, तेव्हा कंजुषी कशाला? वर नवस, मधे अंदाज, खाली खात्री, असा क्रम लावा.

कागदपत्रं बहुतेक घरांत असतातच: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटी आणि जेईईचं स्कोअरकार्ड, राष्ट्रीयत्वाचा पुरावा, डोमिसाइल (अधिवासाचा दाखला). दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात केलेली असेल आणि डोमिसाइल किंवा जन्म इथला असेल, तर उमेदवार टाइप ए. मुलगा इंदूरला किंवा बडोद्याला शिकला, पण आई किंवा वडिलांचं डोमिसाइल महाराष्ट्राचं आहे, तर टाइप बी. बेळगाव-निपाणीकडच्या सीमाभागातून आलेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी टाइप ई आहे.

अडतं ते सरकारी कचेरीत. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र लागतं आणि ते आठवड्यात मिळत नाही. अकरावीतच पडताळणी समितीकडे अर्ज टाका. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते, २०२५-२६ साठी ती ३१ मार्च २०२६ होती. ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा, केंद्राचा वेगळा असतो. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. त्या उत्पन्नावर मिळतात, जातीवर नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्नमर्यादेत २०२४-२५ पासून कॅपमधून आलेल्या प्रवेशाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

एक गोष्ट प्रवेशाच्या नियमांत कुठेही लिहिलेली नाही, पण ५७ टक्केवाल्याने विचारायलाच हवी. कॅम्पसवर येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत ६० टक्क्यांची चाळणी लावतात. म्हणून दोन कॉलेजांत मन अडकलं, तर तिथल्या प्लेसमेंट कक्षात जाऊन विचारा, “बारावीला साठच्या खाली असलेल्या किती मुलांना मागच्या वर्षी बसू दिलं?” इमारत आणि जिमखाना दाखवणाऱ्या माणसाकडे याचं उत्तर नसतं, ते तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांकडे मिळतं. एकूण टक्केवारी साठच्या जवळ असेल, तर बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे, पण ती कॉलेज सुरू असताना द्यायची म्हणजे दुहेरी ओझं. तीन टक्क्यांसाठी ते पेलायचं का, हे मुलालाच ठरवू द्या.

जागा मिळाल्यावर लॉगिनमध्ये जाऊन ती स्वीकारायची आणि १,००० रुपये स्वीकृती शुल्क भरायचं. पुढच्या फेरीत याहून वरच्या पसंतीची वाट बघायची असेल तर ‘बेटरमेंट’, हीच जागा पक्की करायची असेल तर ‘फ्रीझ’. जागा पक्की झाली की दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर. झेरॉक्सचे दोन संच जास्तीचे न्या, त्या दिवशी कॉलेजसमोरच्या दुकानात रांग रस्त्यापर्यंत आलेली असते.