ट्रिपलचा दुष्काळ

बेसबॉलपटू मार्क मॅग्वायरच्या नावावर ५८३ होम रन (चेंडू थेट कुंपणापलीकडे) आहेत आणि ट्रिपल (एका फटक्यावर तिसऱ्या बेसपर्यंत धाव) अवघे ६. त्यांतले पाच १९८७ आणि १९८८ या दोन मोसमांतले, सहावा थेट १९९९चा. मधली दहा वर्षं तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावत होता. १९९८ साली तर त्याने ७० होम रनचा तेव्हाचा विक्रम केला. पण एका फटक्यावर तिसरा बेस गाठणं या काळात त्याला एकदाही साधलं नाही.

असा दुष्काळ पडला की खापर पायांवर फुटतं. मॅग्वायर धिप्पाड आणि संथ होता, हे खरंच. मग पोट सुटलेल्या बेब रूथचे १३६ ट्रिपल कुठल्या खात्यात टाकायचे? माझ्या मते पायांइतकीच या हिशेबात मैदानं मोजायला हवीत.

एका बेसपासून दुसरा ९० फुटांवर, म्हणजे ट्रिपलसाठी २७० फुटांची धाव. तेवढ्या वेळात आउटफिल्डरने, म्हणजे कुंपणाकडच्या क्षेत्ररक्षकाने, चेंडू गाठायचा, मधल्या खेळाडूकडे फेकायचा आणि त्याने तो तिसऱ्या बेसवर पोचवायचा. चेंडू दूरवर घरंगळत गेला तरच बॅटरला उसंत मिळते. कुंपण जवळ असेल तर तोच चेंडू भिंतीवर आपटून झटकन हातात येतो, नाहीतर सरळ पलीकडे जातो. क्रिकेटमध्ये सीमारेषेचा दोर आत घेतला की पळून काढलेल्या तीन धावा आटतात, तसंच.

पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड १९०९ साली उघडलं. मागची भिंत इतकी लांब, की सरावाचा जाळीचा पिंजरा सामना चालू असतानाही तिथेच मैदानात उभा करून ठेवत. चेंडू तिथवर क्वचितच जाई, त्यामुळे कुणाचं अडत नसे. पिट्सबर्गच्याच संघातल्या चीफ विल्सनने १९१२ साली एका मोसमात ३६ ट्रिपल मारले. गंमत म्हणजे दुसऱ्या कुठल्याही मोसमात त्याला याच्या निम्मेही जमले नाहीत, तरी तो विक्रम अजून शाबूत आहे. सॅम क्रॉफर्डचे कारकिर्दीतले ३०९ ट्रिपलही त्याच जमान्यातले.

१९२० साली वारं फिरलं. नव्या पिचरना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, चेंडूला थुंकी लावायला बंदी झाली. त्याच ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्यात चेंडू लागला आणि तो दगावला. त्यानंतर मळलेला चेंडू लगेच बदलण्याकडे पंचांचा कल वाढला. स्वच्छ, कडक चेंडू लांब जाऊ लागला. रूथने त्या वर्षी ५४ होम रन ठोकले आणि लोकांना तेच आवडलं.

त्यात जुना संकेत आहेच: तीन बळींत संपणाऱ्या इनिंगमधला पहिला किंवा तिसरा बळी तिसऱ्या बेसवर जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या बेसवरून एका सिंगलवरही (पहिल्या बेसपुरत्या फटक्यावर) घरी, म्हणजे बॅटिंगच्या जागी, येऊन धाव घेता येते, मग कशाला जीव धोक्यात घाला? त्यामुळे पळू शकणारेही थबकतात. २०२२ मध्ये ॲरन जजने ६२ होम रन मारले, ट्रिपल शून्य.

उलट, मैदान मोठं असेल तर आजही ट्रिपल निघतात. डेट्रॉइटचं कोमेरिका पार्क मध्यभागी ४२० फूट खोल होतं, तेव्हा २००७ साली त्या संघाच्या कर्टिस ग्रँडरसनने २३ ट्रिपल काढले.

या टंचाईची झळ सायकललाही बसते. एकाच सामन्यात सिंगल, डबल, ट्रिपल आणि होम रन मारले की सायकल पूर्ण होते, आणि घोडं बहुधा ट्रिपलपाशीच अडतं. सॅन दिएगो पाड्रेस १९६९ पासून खेळतात. त्यांची पहिली सायकल १४ ऑगस्ट २०१५ची. मॅट केम्पचे बाकीचे तीन फटके झाले होते, उरला होता ट्रिपल, आणि तो आला नवव्या इनिंगमध्ये. मैदान होतं डेन्व्हरचं कूर्स फील्ड. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो म्हणून कुंपणं मुद्दाम मागे घेतलेली, साहजिकच आउटफिल्ड ऐसपैस. मग उरले मायामीचे मार्लिन्स. १९९३ पासूनची त्यांची प्रतीक्षा लुईस अराएझने ११ एप्रिल २०२३ रोजी फिलाडेल्फियात संपवली, आणि अमेरिकेतल्या मेजर लीगच्या ३० संघांपैकी सायकलविना एकही राहिला नाही.